‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणजे नेमकं काय?

बँकेच्या काउंटरवर, रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या मशीनपुढे, सेतू केंद्रात दाखल्यासाठी ताटकळताना एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे: ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ ऐकणारा चरफडत घरी जातो. ते वाक्य मात्र पुढे सरकत सरकत तक्रार नोंदवणाऱ्या एखाद्या तिकिटात जाऊन पडतं आणि हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या कुठल्याशा इमारतीत रात्रपाळीला बसलेल्या मुलीच्या स्क्रीनवर उगवतं. तिच्या दृष्टीनं त्यात माहिती जवळजवळ शून्य. कुठला सर्व्हर? डाउन म्हणजे बंद पडलाय, की रखडत चालतोय, की चालतोय पण चुकीची उत्तरं देतोय? सगळ्यांसाठी की एकाच शाखेसाठी? कधीपासून?

या कामाला कंपन्यांत नावं बरीच आहेत. प्रॉडक्शन सपोर्ट, एल-वन, एल-टू, सिस्टिम ॲडमिन, डेव्हऑप्स आणि पगार जरा वजनदार असेल तर एसआरई. मूळ काम एकच: चालू यंत्रणा चालू ठेवायची आणि बिघडली की बिघाड शोधायचा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत नवं काही बांधायला शिकवतात. दुसऱ्याच कुणी बांधलेली, कालपर्यंत चालणारी आणि आज न चालणारी गोष्ट समोर आली तर काय करायचं, याचा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो. म्हणून नव्यानं लागलेली मुलं कमांडची यादी पाठ करतात. यादी उपयोगाची आहेच, पण ती तोंडपाठ असलेला माणूसही अनोळखी बिघाडापुढे तितकाच गांगरतो. कमांड हे प्रश्न विचारायचं साधन; आधी प्रश्न ठरायला हवा. आणि तोही असा, की ज्याच्या उत्तरानं आपला अंदाज खोटा पडू शकेल.

समजा, एका पतसंस्थेच्या शाखेतून फोन आला. ‘अहो, सकाळपासून सिस्टिम चालत नाहीये.’ नवखा माणूस फोन ठेवून लगेच सर्व्हरवर लॉगिन करतो. मुरलेला फोन सोडत नाही. ‘ताई, लॉगिन होतंय का? कुठल्या स्क्रीनवर अडकतंय? काही मेसेज आलाय का? आलाय तसाच वाचून दाखवा, तुमच्या शब्दांत नको. शेजारच्या टेबलावरही तसंच होतंय का? शेवटची पावती नीट कधी निघाली?’

‘सव्वादहाला एक निघाली, त्यानंतर नाही.’ एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. फक्त, सव्वादहा कुणाच्या घड्याळातले? पुष्कळ सर्व्हर वेळ नोंदवतात ती यूटीसीत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शाखेतले सव्वादहा म्हणजे लॉगमधले 04:45. सकाळी अकरा वाजता कुणी आजच्या लॉगमध्ये 10:15 शोधू लागला तर त्याला काहीच सापडत नाही, कारण यूटीसीतले सव्वादहा अजून वाजायचेच असतात. हे तरी बरं. वाईट म्हणजे तो आदल्या दिवशीच्या 10:15ला पडलेली भलतीच कुठली तरी एरर शोधून काढतो आणि दुपारपर्यंत तिच्या मागे धावतो. मोठ्या यंत्रणेच्या लॉगमध्ये कुठल्याही मिनिटाला काही ना काही एरर असतेच. लाल दिसलं म्हणजे तेच कारण, असं नसतं.

तक्रार कितीही वेडगळ वाटली तरी ती आधी खरी धरून चालायचं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1990च्या दशकाच्या मध्यावर ट्रे हॅरिस नावाचा तरुण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या आवारातली ईमेल यंत्रणा सांभाळत होता. एके दिवशी संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. म्हणाले, आमच्या विभागातून पाचशे मैलांपलीकडे मेल जात नाहीये. हॅरिसनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला असणार. ईमेलला अंतर कळत नाही. पण प्रमुखांनी पुढे सांगितलं की नेमका आकडा पाचशेहून किंचित जास्त आहे, 520च्या आसपास, आणि फोन करायला काही दिवस लागले ते पुरेशी आकडेवारी जमवण्यासाठी. विभागातले भूसंख्याशास्त्री नकाशा घेऊन बसले होते. संख्याशास्त्रज्ञांकडून आलेली तक्रार ही अशी असते!

हॅरिसनं वाद घातला नाही, स्वतः चाचणी घेतली. जवळपासच्या पत्त्यांवर मेल गेली. रिचमंड, अटलांटा, वॉशिंग्टन, गेली. 400 मैलांवरच्या प्रिन्स्टनला गेली. 600 मैलांवरच्या मेम्फिसला नाही. बॉस्टनला नाही, डेट्रॉइटला नाही. 420 मैलांवरच्या न्यूयॉर्कला गेली, 580 मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला नाही. इथे त्यानं जे केलं ते मला सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं. त्याचा एक मित्र राहायला नॉर्थ कॅरोलिनातच, पण त्याची इंटरनेट सेवा देणारी कंपनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलमध्ये. त्याला मेल पाठवली. ती पोचली असती तर घोळ माणसाच्या पत्त्याशी जोडला गेला असता, आणि मग वेड लागायचीच पाळी. ती गेली नाही. म्हणजे अंतर मोजायचं ते माणसापर्यंतचं नाही, त्याच्या मेल सर्व्हरपर्यंतचं. एका मेलनं शक्यतांचा अख्खा एक ढीग बाजूला झाला.

मग त्यानं तो प्रश्न विचारला जो प्रत्येक बिघाडात विचारायचा असतो: अलीकडे काय बदललं? उत्तर ठरलेलंच. बाहेरून एक सल्लागार आला होता, त्यानं सर्व्हरला पॅच लावून रीबूट केला, पण मेलला हात लावलेला नाही असं त्याचं म्हणणं. हॅरिसनं मेलची कॉन्फिगरेशन फाइल पाहिली. तीच होती, अक्षर न अक्षर. शेवटी तो थेट मेलच्या पोर्टवर जोडून बघायला गेला, तर सर्व्हरनं स्वागताची जी ओळ दिली तिच्यात सेंडमेल या मेलच्या प्रोग्रॅमची सन कंपनीची जुनी आवृत्ती होती. सल्लागारानं ऑपरेटिंग सिस्टिम पुढे नेली आणि त्या ओघात मेलचा प्रोग्रॅम आठव्या आवृत्तीवरून पाचव्यावर मागे आला. फाइल नव्या आवृत्तीची, वाचणारा प्रोग्रॅम जुना. जुन्याला नव्या धाटणीच्या लांबलचक सेटिंग कळेनात, त्यानं त्या कचरा समजून सोडून दिल्या आणि त्या किमती शून्य झाल्या. त्यातली एक होती दूरच्या सर्व्हरशी जोडणी होण्यासाठी किती वेळ थांबायचं ती. शून्य वेळ म्हणजे प्रत्यक्षात, त्या मशीनवर, जेमतेम 3 मिलिसेकंद. तेवढ्यात जोडणी झाली नाही की प्रयत्न सोडून द्यायचा.

प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. 3 मिलिसेकंदांत 900 किलोमीटर. मैलांत, सुमारे 560.

ही हकिगत हॅरिसनं 2002 मध्ये लिहून काढली, तेव्हापासून तिच्यात खुसपटं काढणाऱ्यांची कमी नाही: तारेतून सिग्नल प्रकाशाहून हळू जातो, उत्तर परत येण्याचा वेळ धरायला हवा, वगैरे. कंटाळवाणे तपशील आपण गाळले आहेत आणि गोष्ट जरा रंगवली आहे, हे त्यानंही सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे. शिकणाऱ्यासाठी गणित गौण आहे. ज्ञानानं पाहिलं तर तक्रार अशक्य होती, आकडे मात्र खरे होते, आणि त्यानं आकड्यांची बाजू घेतली.

‘काय बदललं’ या प्रश्नाचं वजन किती आहे, हे गूगलच्या अनुभवावरून कळतं. तिथे 2003 मध्ये बेन ट्रेनर यांनी एसआरई, म्हणजे साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग, नावाचा विभाग सुरू केला. त्या विभागाच्या लोकांनी मिळून लिहिलेलं पुस्तक 2016 मध्ये आलं आणि ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात त्यांनी नोंदवलंय की साधारण 70 टक्के बिघाडांचं मूळ चालू यंत्रणेत केलेल्या कुठल्या ना कुठल्या बदलात असतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयमेंट करणाऱ्याकडे ऑपरेशन्सची माणसं ज्या नजरेनं बघतात, तिच्यामागे अंधश्रद्धा नाही. उलट, ‘आम्ही काहीच बदललेलं नाही’ हे डेव्ह टीमचं वाक्य प्रामाणिक असलं तरी पुरेसं नसतं. सर्टिफिकेटची मुदत संपणं हा कुणीही हात न लावता होणारा बदल आहे. ग्राहकांची संख्या वाढणं हाही. पगाराची एक तारीख हाही.

बदल सापडला नाही तर वाट मध्यावर तोडायची. गावाकडे फीडरवर फॉल्ट आला की वायरमन सगळे खांब एकेक करून चढत नाही; मधल्या खांबावरचे जंप सोडतो, अर्धी लाइन चालू करून बघतो. टिकली तर फॉल्ट पलीकडच्या अर्ध्यात. संगणकातही ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत अशीच लांब लाइन असते: आधी नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस, मग नेटवर्क, फायरवॉल, लोड बॅलन्सर, वेब सर्व्हर, ॲप्लिकेशन, शेवटी डेटाबेस. लोड बॅलन्सर वगळून थेट ॲप्लिकेशनच्या मशीनवर जाऊन तीच विनंती केली आणि उत्तर आलं, तर अलीकडचा भाग तपासायचा. नाही आलं, तर पलीकडचा. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या होत गेल्या तर हजार शक्यतांतून एकीवर यायला दहाच प्रश्न लागतात.

इथे बारकाईनं वाचायची सवय कामी येते. जोडणी होत नाही याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि नवखे त्यांना एकाच पोत्यात भरतात. पहिल्यात ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं उत्तर क्षणात येतं. म्हणजे समोरचं मशीन जिवंत आहे, तुमचा निरोप तिथवर पोचला, आणि तिथून सांगितलं गेलं की या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. क्वचित हा नकार मधलीच फायरवॉल देते, पण बहुतेक वेळा प्रोग्रॅम बंद पडलाय किंवा भलत्याच पोर्टवर बसलाय असं धरून पुढे जाता येतं. दुसऱ्यात काहीच येत नाही. कर्सर लुकलुकत राहतो आणि बऱ्याच वेळानं ‘टाइम्ड आउट’ उमटतं. म्हणजे निरोप वाटेत हरवला, किंवा फायरवॉलनं तो मुकाट गिळला, किंवा समोरचं मशीनच नाही. पहिल्यात त्या मशीनवर जायचं, दुसऱ्यात वाट तपासायची. नेटवर्कवाल्यांना पहिल्या प्रकारासाठी मध्यरात्री उठवलं तर ते पुढच्या वेळी फोन उचलायला वेळ लावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्न चांगले पडण्यासाठी मात्र एक गोष्ट आधीच झालेली असावी लागते: यंत्रणा धडधाकट असताना कशी दिसते ते पाहिलेलं असणं. सीपीयू 80 टक्के भरलाय, हे वाईट की चांगलं? रोज रात्री दोन वाजता हिशेब चालतो तेव्हा तो 80 टक्के असतोच, हे ज्याला माहीत आहे तो झोपू शकतो. शांत दिवशी आलेख बघण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. शिफ्टमध्ये कामच नाही अशी तक्रार करणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, असा अनुभव आहे.

या बाबतीत ब्रेंडन ग्रेग यांचं लेखन नव्या माणसानं जरूर वाचावं. यंत्रणांची गती मोजण्यात त्यांची हयात गेली. नेटफ्लिक्समध्ये असताना 2015 मध्ये त्यांनी लिनक्स मशीनवर पोचल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात चालवायच्या दहा कमांडची यादी दिली. ‘अपटाइम’नं सुरुवात, ‘टॉप’नं शेवट. पण यादीपेक्षा त्यांची पद्धत मोलाची. प्रत्येक साधनाला, म्हणजे सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांना, तेच तीन प्रश्न विचारायचे: किती वापरात आहे, त्याच्यापुढे रांग लागली आहे का, आणि त्यात चुका होताहेत का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. मरायला टेकलेली डिस्क पुष्कळदा वापर कमीच दाखवते, कर्नलच्या नोंदींत मात्र ती कधीची कण्हत असते. आपल्याला जी कमांड येते तीच चालवून जे दिसेल त्यात कारण शोधायचं, या सवयीची ग्रेग यांनी रीतसर चुकीची पद्धत म्हणून नोंद केली आहे. हरवलेली किल्ली दिव्याखाली शोधणाऱ्या माणसाच्या जुन्या विनोदावरून त्यांनी तिला नावही दिलंय.

त्यांचा 2008च्या अखेरचा एक छोटा व्हिडिओ अजून फिरत असतो. ते तेव्हा सन कंपनीत होते. डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या रॅकला तोंड लावून ते जिवाच्या आकांतानं ओरडतात, आणि स्क्रीनवरच्या आलेखात डिस्कला लागणारा वेळ त्याच क्षणी उसळी मारतो. आवाजाच्या कंपनांनी फिरत्या तबकड्या थरथरतात म्हणून. गंमत आहेच, शिवाय नीट मोजमाप लावलेलं असेल तर ओरडणंसुद्धा आलेखात दिसतं.

आकडा नेमकं काय मोजतो हेही माहीत हवं. लिनक्सचं ‘लोड ॲव्हरेज’ घ्या. वीसवर गेलं की सीपीयू कमी पडतोय असं समजून मोठं मशीन मागवणारे महाभाग आहेत. पण 1993 पासून लिनक्स या आकड्यात डिस्कच्या उत्तरासाठी अडून बसलेली कामंही धरतं. सीपीयू हातावर हात ठेवून बसलाय, नेटवर्कवरचं स्टोरेज गेलंय आणि लोड वीस, हे अगदी शक्य आहे. मोठं मशीन आणलं तर त्यावरही लोड वीसच राहील.

आता एक नेहमीचा प्रसंग जरा जवळून बघू, कारण वर्षभर या कामात राहिलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतोच. रात्री अलर्ट येतो: डिस्क 100 टक्के. ॲप्लिकेशनला काही लिहिता येत नाही, व्यवहार अडकलेत. ‘डीएफ’ ही कमांड सांगते, 50 जीबीपैकी 50 भरलेत. शोधल्यावर लॉगच्या फोल्डरमध्ये 30 जीबीची एक फाइल सापडते. नवखा खुशीत ती उडवतो आणि पुन्हा ‘डीएफ’ चालवतो. अजून 100 टक्के. आता ‘डीयू’ चालवतो, तर ती म्हणते, वापर फक्त 20 जीबी. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. ‘डीयू’ फोल्डरांत शिरून, तिथे नाव असलेल्या फाइलींची बेरीज करते. ‘डीएफ’ थेट फाइलसिस्टिमला विचारते की तुझी किती जागा गेली. लिनक्समध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे यादीतून तिचं नाव खोडणं. जोवर एखादी प्रोसेस ती उघडून बसली आहे तोवर जागा सुटत नाही, आणि आपलं ॲप्लिकेशन त्या निनावी फाइलीत इमानेइतबारे लिहीतच असतं. उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ चालवली की त्या फाइलीपुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो, शेजारी प्रोसेसचा क्रमांकही. तिला लॉगची फाइल नव्यानं उघडायला लावलं, किंवा नाइलाजानं रिस्टार्ट केलं, की 30 जीबी क्षणात मोकळे. सुरुवातीलाच फाइल उडवण्याऐवजी जागच्या जागी रिकामी केली असती तर ही वेळच आली नसती.

याच दुखण्याची एक चुलत बहीण आहे. ‘डीएफ’ म्हणते निम्मी जागा शिल्लक आहे, आणि तरी फाइल लिहायला गेलं की ‘जागा नाही’. तेव्हा जागा नव्हे, आयनोड संपलेले असतात. प्रत्येक फाइलीला एक नोंद लागते, आणि बऱ्याच फाइलसिस्टिमवर त्या नोंदींची संख्या डिस्क तयार करतानाच ठरून जाते. कुठल्या तरी प्रोग्रॅमनं चिमुकल्या फाइलींचा लाखांनी सडा घातलेला असतो.

जागा सुटली, अलर्ट हिरवा झाला, इथे बहुतेक तिकिटं बंद होतात. पण 30 जीबीची फाइल आली कुठून? रोज जुने लॉग दाबून ठेवणारं काम बंद पडलं होतं का? की मागच्या रिलीजमध्ये कुणी डीबगचे लॉग चालू ठेवून विसरलं? हे नाही शोधलं तर तोच अलर्ट पुन्हा येणार, आणि बहुधा सणाच्या दिवशी.

अर्थात, हजारो लोक अडलेले असताना कारण शोधत बसणं हा गुन्हा आहे. आधी सेवा सुरू करायची: नवी आवृत्ती मागे घ्या, भार दुसऱ्या मशीनवर वळवा, नाहीच तर रिस्टार्ट मारा. फक्त रिस्टार्टनं पुरावा पुसला जातो. मेमरीत काय होतं, कोणती जोडणी कुठे अडली होती, सगळं गेलं. म्हणून रिस्टार्टच्या आधी अर्धं मिनिट काढून प्रोसेसची यादी, जोडण्यांची स्थिती आणि लॉगचा शेवट एका फाइलीत उतरवून घ्यायचा. चार मशीन असतील तर तीन सुरू करून एक आजारी मशीन वाहतुकीतून काढून तसंच ठेवायचं. ही शिस्त दडपणाखाली आपोआप येत नाही. बोटांना आधी सवय लागलेली असावी लागते.

दडपणाखाली काय होतं त्याचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज गिटलॅब या कंपनीनं स्वतःच जगापुढे ठेवलाय. 31 जानेवारी 2017च्या रात्री त्यांच्या डेटाबेसवर भार वाढला होता आणि दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता. एक इंजिनिअर उशिरापर्यंत झटत होता. दुय्यम सर्व्हर नव्यानं भरून घ्यायची कमांड काही न बोलता नुसती थांबून राहत होती. आधीचा डेटा आड येत असेल असं वाटून त्यानं तिथलं फोल्डर उडवायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की ती मुख्य सर्व्हरच्या खिडकीत दिली आहे. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबीच उरले होते. दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक होता तो एका आकड्याचा.

मग बॅकअपची शोधाशोध. रोजचा बॅकअप ज्या जागी असायचा तिथे काहीच नव्हतं, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता आणि दररोज अपयशी ठरत होता. अपयशाच्या मेलही जात होत्या, पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्यानं समोरचा मेल सर्व्हर त्या परत लावत होता. तरले ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर. सहा तासांचा डेटा गेला. डेटा परत आणण्याचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. चूक करणं इतकं सोपं का होतं, हा प्रश्न त्यांनी यंत्रणेला विचारला. बिघाडाच्या वेळी सगळ्यांना एकत्र जोडणाऱ्या आपल्याकडच्या ब्रिज कॉलवर ‘हे केलं कुणी?’ असा पहिला प्रश्न येतो तेव्हा हा अहवाल मोठ्यानं वाचून दाखवावासा वाटतो. त्या प्रश्नानंतर लोक माहिती द्यायचं थांबवतात आणि शोध तिथेच खुंटतो.

असे अहवाल हे या धंद्याचं खरं पाठ्यपुस्तक आहे. फेसबुक 4 ऑक्टोबर 2021 रोजी जवळपास सहा तास जगाच्या नकाशावरून गायब होतं. निमित्त झालं अंतर्गत नेटवर्कची क्षमता तपासायला दिलेली एक कमांड. दुरुस्तीची साधनं त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यानं ती सुद्धा बंद, म्हणून माणसांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. ॲमेझॉनची फाइली साठवणारी एस-थ्री सेवा 28 फेब्रुवारी 2017 रोजी कोलमडली तेव्हा ‘सेवा बंद आहे’ हे सांगणारा फलकही बराच वेळ बदलता येईना. तो एस-थ्रीवरच उभा होता. असे अहवाल वाचताना उत्तराचा परिच्छेद झाकून ठेवावा आणि इथवरच्या माहितीवर आपण काय तपासलं असतं ते आधी लिहावं.

हात बसायला जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर एक-दोन व्हर्च्युअल मशीन, वेब सर्व्हर, छोटा डेटाबेस. मग ते आपणच मोडायचं. त्याहून उत्तम, मित्राला मोडायला सांगायचं. त्यानं डिस्क भरून ठेवावी, फाइलीची परवानगी काढून घ्यावी, होस्ट फाइलमध्ये चुकीचा पत्ता टाकावा, सर्टिफिकेटची तारीख उलटू द्यावी, आणि येऊन फक्त एवढंच म्हणावं, ‘साइट चालत नाही.’ गूगलमध्ये याचाच बैठा खेळ खेळतात, ‘व्हील ऑफ मिसफॉर्च्युन’ नावाचा: एकजण जुना बिघाड डोक्यात ठेवतो, दुसरा ‘मी हे बघतो’ म्हणतो, पहिला ‘तुला हे दिसतं’ म्हणून उत्तर देतो. चहाच्या टपरीवरही खेळता येतो. मुलाखतीत पत्ता टाइप करून एंटर मारल्यावर काय काय होतं असं विचारतात, तेही लाइनीवरचे सगळे खांब उमेदवाराला ठाऊक आहेत का ते बघायला.

हल्ली एरर उचलून चॅटबॉटला विचारायची सोय आहे. विचारावं, पण ग्राहकांची माहिती असलेला लॉग बाहेर चिकटवू नये. त्यात नोकरी जाऊ शकते. आणि तो दहा शक्यता सांगेल. त्यातली कुठली आपल्या मशीनवर खरी, हे मशीनलाच विचारावं लागतं, एका वेळी एकच गोष्ट बदलून. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशानं झालं ते कधीच कळत नाही.

राहिलं लिहिणं. डेव्हिड ॲगन्स यांनी 2002च्या आपल्या पुस्तकात बिघाड शोधायचे नऊ नियम दिले. त्यातला एक केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याबद्दल, आणि शेवटचा असा की तुम्ही दुरुस्त केलं नसेल तर ते दुरुस्त झालेलं नाही. आपोआप बरं झालेलं दुखणं परत येतं. आपल्याकडच्या तिकिटांत मात्र ‘रिस्टार्ट केल्यावर सुरू झाले, तिकीट बंद’ याच्यापलीकडे सहसा काही नसतं. पुढच्या पाळीच्या माणसाला उपयोगी पडेल अशी नोंद साधारण अशी असते:

‘09:40 ते 10:05, भारतीय वेळ. फक्त पावती छापताना अडकत होतं, लॉगिन ठीक. सर्व शाखांत. डेटाबेसच्या जोडण्या कमाल मर्यादेला, 100 पैकी 100. सीपीयू, डिस्क नेहमीसारखे. काल रात्री रिलीज नव्हतं. एक नोड बाजूला काढून बाकीचे रिस्टार्ट केले, सेवा सुरू. जोडण्या कोण सोडत नाहीये ते कळलेलं नाही. बाजूला काढलेला नोड बंद करू नका. पुन्हा झालं तर रिस्टार्टच्या आधी थ्रेड डंप घ्या, उघड्या क्वेरींची यादी उतरवून ठेवा आणि मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.’